वर्धा जिल्ह्यातील सांधेरुग्णांचा प्रवास

संधिवाताच्या रुग्णाला प्रवासात अंतरापेक्षा चढण्या-उतरण्याचा आणि बसण्याचा त्रास अधिक होतो. वाहनात पाय टाकताना गुडघा आणि खुबा वाकवावा लागतो, दांडा धरताना मनगट व बोटे आवळावी लागतात, आत गेल्यावर एकाच अवस्थेत बराच वेळ बसावे लागते आणि उतरताना आखडलेल्या सांध्यांवर एकदम भार पडतो. दाह असलेला सांधा विश्रांतीने ताठरतो आणि हालचालीने मोकळा होतो. त्यामुळे इतरांना आरामाचा वाटणारा बैठा प्रवास या रुग्णाला जड जातो. वर्धा जिल्ह्यात १८६२ पासून आजपर्यंत प्रवासाची साधने बैलबंडीपासून समृद्धी महामार्गापर्यंत बदलत गेली. प्रत्येक नव्या साधनाने सांधेरुग्णाचा एक त्रास कमी केला आणि दुसरा वाढवला. तरुण रुग्णांच्या बाबतीत हे अधिक घडले, कारण प्रवासातल्या सोयी मुख्यतः म्हाताऱ्यांसाठी आणि दिसणाऱ्या, कायमच्या अपंगत्वासाठी आखल्या गेल्या.

तरुणपणीचे सांध्यांचे आजार

संधिवात हे म्हातारपणाचे दुखणे, असा समज सर्वत्र आहे. गुडघ्यांची झीज उतारवयात होते, हे खरे. पण सांध्यांचे अनेक आजार बालपणी आणि तरुणपणीच सुरू होतात. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला आणि सहा आठवड्यांहून अधिक टिकलेला सांध्यांचा दाह, दुसरे कारण सापडले नाही तर, बालसंधिवात म्हणून ओळखला जातो. पाठीचा कणा हळूहळू ताठ करणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस बहुधा विशी-तिशीत, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्न यांच्या ऐन काळात सुरू होतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवात पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो आणि ऐन कर्त्या वयात हाताची बोटे, मनगटे व पायांचे लहान सांधे धरतो. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा ऱ्हुमॅटिक ताप साधारणतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना होतो. त्यात सांध्यांची सूज उतरते, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात.

विदर्भात यात सिकलसेलची भर पडते. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरी भागातून झाली. नागपुरातील शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील नोंद ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दिली. सिकलसेलमध्ये हाडे व सांधे तीव्र दुखतात आणि काही रुग्णांत रक्तपुरवठा तुटून खुब्याच्या हाडाचे डोके ऐन तरुणपणी खचते. हा संधिवात नव्हे. पण बसच्या पायरीपुढे दोन्ही आजारांची अडचण एकच असते.

ग्रामीण महाराष्ट्रात हे आजार किती आहेत, याची पद्धतशीर पाहणी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने सुरू झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांची घरोघर चौकशी झाली. दर शंभरांत सुमारे अठरा जणांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे दुखणे होते. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण अर्धा टक्का निघाले. हा अर्धा टक्का लहान वाटतो, पण मोठ्या गावात तेवढ्यानेही काही घरे सतत दवाखान्याच्या वाटेवर राहतात.

बंडी, दमणी आणि पांधण

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढण्यात आला. पुलगावजवळचे कवठा हे त्याचे पहिले मुख्यालय होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीला हलवण्यात आले आणि तेथे वर्धा शहर वसले. जिल्ह्याची बरीच जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल होतो. शेतांमधून जाणाऱ्या पांधणी पावसाळ्यात बंद पडत, आणि वणा, धाम, यशोदा या नद्यांना पूर आला की गावे एकमेकांपासून तुटत. सांधे दुखण्याचा त्रास ज्या दमट, गार दिवसांत अधिक जाणवतो म्हणून रुग्ण सांगतात, त्याच दिवसांत गावाबाहेर पडणे सर्वांत अवघड असे.

मालासाठी बंडी आणि माणसांसाठी दमणी, अशी ढोबळ विभागणी होती. दमणी हलकी आणि वरून झाकलेली असे; रेंगी त्याहून लहान आणि पळत्या जोडीची. ही वाहने ओढण्यासाठी जिल्ह्याला घरचाच बैल होता. आर्वी, आष्टी आणि कारंजा भागातील गवळाऊ ही जात अंगाने हलकी, पांढरी आणि चालीला वेगवान असून वाहतुकीसाठी तिची पूर्वीपासून ख्याती आहे. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे या जातीच्या संवर्धनासाठी सरकारी प्रक्षेत्र आहे. निरोगी माणसाला गवळाऊ जोडीचा वेग सुखाचा वाटे. सुजलेल्या सांध्यांना तोच वेग सोसवत नसे.

बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असे. मध्ये स्प्रिंग नसल्याने दगडाचा हादरा आसातून साटीत, म्हणजे बसायच्या चौकटीत, आणि साटीतून थेट बसणाऱ्याच्या कमरेत जाई. म्हणून रुग्ण न्यायचा असला की साटीत आधी कडबा किंवा कुटाराची पोती अंथरत, वर वाकळ टाकत आणि त्याला बसवण्याऐवजी आडवे निजवत. बंडीची साटी बरीच उंच असते. गुडघा न वाकणाऱ्या माणसाला तीत चढता येत नसे. त्याला दोघे-तिघे उचलून ठेवत. जेथे बंडी जाऊ शकत नसे तेथे रुग्णाला बाजेवर निजवून चौघे खांद्यावरून वाहून नेत. धुरकऱ्याला जोडी हळू हाक म्हणून सांगणे आणि वाटेत नाल्यावर थांबणे, हाच त्या प्रवासातला आराम. या व्यवस्थेत एक गोष्ट रुग्णाच्या बाजूची होती: वाहन घराच्या अंगणातून निघे, वेळ घरचा माणूस ठरवी आणि वाटेत हवे तेव्हा उतरून पाय मोकळे करता येत.

हा प्रवास बहुधा वैद्याकडे, बाजाराच्या गावी किंवा देवस्थानाला असे. आयुर्वेदात आमवाताचे स्वतंत्र वर्णन माधवनिदान या ग्रंथात येते, आणि निर्गुडीचा शेक, एरंडेल व लंघन हे उपचार गावोगाव माहीत होते. बिब्ब्याचा किंवा तापल्या लोखंडाचा डाग देणारेही होते. त्याने सांध्यातला दाह बरा होत नसे, वर जखम मात्र होई. नवस फेडण्यासाठी लोक समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांच्या दर्ग्याला किंवा केळझरच्या सिद्धिविनायकाला जात. दोन्ही ठिकाणी शेवटचा टप्पा चढाचा होता.

लोखंडी रस्ता

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला मोठी किंमत आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून येणारा मार्ग वर्ध्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे फाटा काढण्यात आला. बल्लारशाह ते काझीपेठ हा जोड १९२९ मध्ये पूर्ण झाल्यावर हाच फाटा दिल्ली-मद्रास या मुख्य मार्गाचा भाग झाला. पुलगाव-आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची नॅरोगेज गाडी १९१७ मध्ये सुरू झाली. हे मार्ग कापसाच्या गाठी आणि कोळसा यांच्यासाठी आखलेले होते. प्रवासी त्यांचा दुय्यम गिऱ्हाईक होता.

तरीही सांधेरुग्णाला रेल्वेने फार मोठी सवलत दिली. गाडीला हादरे कमी होते, डब्यात उभे राहता येई, चार पावले चालता येत आणि जागा मिळाली तर आडवेही होता येई. दिवसभराचा बंडीचा प्रवास काही तासांवर आला आणि नागपूरचे मोठे दवाखाने आवाक्यात आले. पाठ ताठरलेल्या तरुणाला आजही रेल्वे इतर वाहनांपेक्षा सोयीची पडते ती याच कारणाने.

अडचण उरली ती दारात. जुन्या स्थानकांचे फलाट बहुधा बुटके असत. डब्याचा दांडा धरून उभ्या पायऱ्यांवरून स्वतःला वर ओढून घ्यावे लागे, आणि नेमकी तीच ताकद मनगटाच्या संधिवातात जाते. गाडी थांबण्याचा वेळही ठरलेला, लहान स्थानकावर अगदी थोडा. सकाळी उठल्यावर पहिला तास-दोन तास हात-पाय न उघडणाऱ्या रुग्णाला पहाटेची गाडी पकडणे म्हणजे मध्यरात्रीच उठणे. वर्धा जंक्शन झाल्यावर गाडी बदलण्यासाठी पादचारी पूल चढणे आले. पुढे दक्षिणेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या वर्धा जंक्शनला न येता जवळच्या सेवाग्राम स्थानकावरून जाऊ लागल्या. या स्थानकाचे पूर्वीचे नाव वर्धा पूर्व. बाहेरगावच्या रुग्णाला कोणत्या गाडीने कोणत्या स्थानकावर उतरायचे, हे आधी पाहून ठेवावे लागते. चूक झाली तर दोन स्थानकांमधला आणखी एक चढ-उतार पदरी पडतो.

सेवाग्रामची वाट

महात्मा गांधी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, मगनवाडीत राहिले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात राहायला गेले. १९४० मध्ये या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. सुरुवातीला तेथे धड रस्ता नव्हता. गांधींचे सचिव महादेव देसाई त्या दिवसांत मगनवाडीत राहत आणि रोज पायी शेगावला जात. येऊन-जाऊन सुमारे अकरा मैल होत, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात या चालण्याने त्यांची प्रकृती खालावली. जून १९४२ मध्ये अमेरिकी पत्रकार लुई फिशर गांधींना भेटायला आले, तेव्हा वर्ध्याहून टांगा मिळत होता. चालणे हा त्या काळच्या वर्ध्यात साधेपणाचा आणि निष्ठेचा भाग होता. पवनारहून विनोबा भावे १२ सप्टेंबर १९५१ रोजी दिल्लीकडे पायीच निघाले आणि पुढे भूदानासाठी तेरा वर्षांहून अधिक काळ देशभर चालत राहिले. चालू न शकणाऱ्याला या परंपरेत सेवा मिळे, पण प्रवासाचे वेगळे साधन असे काही नव्हते.

सेवाग्रामने दिलेली खरी देणगी रुग्णालयाची. कस्तुरबा गांधी यांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी निधन झाल्यावर डॉ. सुशीला नायर यांनी तेथे स्त्रिया व मुलांसाठी पंधरा खाटांचे रुग्णालय उभे केले. त्यातूनच १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. ग्रामीण भागात उभे राहिलेले देशातील हे पहिले वैद्यकीय महाविद्यालय. १९९० मध्ये सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एका लहान जिल्ह्यात, वर्धा शहराच्या दोन बाजूंना, दोन मोठी शिक्षण रुग्णालये झाली. त्यामुळे जिल्ह्यातील सांधेरुग्णाचा नागपूरचा सुमारे ७५ किलोमीटरचा फेरा बऱ्याच अंशी वाचला. शेजारच्या यवतमाळ, चंद्रपूर आणि अमरावती जिल्ह्यांतील रुग्णही वर्ध्याच्या वाटेला लागले.

सेवाग्रामच्या या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची योजना राबवली. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. हंगामात प्रत्येक घर ऐपतीप्रमाणे ज्वारी देई आणि त्या बदल्यात गावात आरोग्यसेवकाची मदत व रुग्णालयात सवलतीचे उपचार मिळत. दीर्घ आजाराच्या रुग्णाला या पद्धतीचा फायदा असा की बारीकसारीक तक्रारींसाठी रुग्णालय गाठण्याची गरज कमी होते. सांध्याच्या रुग्णाला टळलेली एक खेप म्हणजे दोन दिवसांचा थकवा टळणे.

एसटी, फाटा आणि काळीपिवळी

राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता आणि तेथील सरकारी बससेवा वेगळी होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे जिल्ह्याची गावे एसटीच्या जाळ्यात आली. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव ही बसस्थानके तालुक्यांच्या दळणवळणाची केंद्रे बनली. शाळा-कॉलेजला जाणाऱ्या पिढ्या एसटीच्या पासवर शिकल्या, आणि त्यांत सांधे दुखणारी मुलेही होती.

साध्या एसटीची पहिली पायरी जमिनीपासून उंच असते आणि स्थानकात बस लागताच दारात गर्दी होते. चढताना मागून रेटा आला तर सुजलेले मनगट दांड्याला पिळवटते. मागच्या चाकावरील आणि शेवटच्या बाकावर हादरे सर्वाधिक बसतात. दोन चाकांच्या मधल्या भागातली, वाटेकडेची जागा पाय लांब करायला बरी पडते. जुने रुग्ण हे अनुभवाने शिकतात. अपंगांसाठी राखीव आसन असते; पण अठरा वर्षांची, वरून धडधाकट दिसणारी मुलगी तेथे बसली की तिला उठवले जाते, आणि भर बसमध्ये आपला आजार सांगत बसण्यापेक्षा उभे राहणे ती पत्करते. सांध्यातला दाह कपड्यांखाली असतो. कुबडी किंवा काठी नसलेल्या तरुणाचे दुखणे इतरांना पटत नाही, आणि काठी घेतली तर वयावरून टोमणे ऐकावे लागतात.

बस फाट्यावर थांबते आणि गाव आत असते. हा शेवटचा टप्पा पूर्वी पायी किंवा बंडीने होई. पुढे काळीपिवळी जीप आणि ऑटो आले. काळीपिवळीत माणसे भरल्याशिवाय गाडी निघत नाही, आणि भरल्यावर गुडघा सरळ करायला जागा उरत नाही. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसण्यासाठी खुबा बाजूला उघडावा लागतो, आणि खुब्याच्या आजारात ती हालचाल अवघड होते. म्हणून जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचलेल्या कित्येक रुग्णांचे वर्णन सारखे असते: पक्क्या रस्त्याचे तीस किलोमीटर सोसले, शेवटच्या तीन किलोमीटरने जीव काढला.

औषधांनी बदललेल्या खेपा

प्रवास किती वेळा करायचा, हे औषधांनी ठरवले. ॲस्पिरीन १८९९ मध्ये बाजारात आले. ते दुखणे कमी करी आणि कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळे. कॉर्टिसोनचा संधिवातावरील परिणाम १९४८-४९ मध्ये सिद्ध झाला आणि त्याबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक दिले गेले. पण त्याच्या बेसुमार वापराने हाडे ठिसूळ होतात, हे लवकरच कळले. ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलांना झडपा वाचवण्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. खेड्यातल्या मुलासाठी याचा अर्थ शाळा बुडवून नेमाने केलेला प्रवास. आईची किंवा वडिलांची त्या दिवसाची मजुरीही बुडते.

१९८० च्या दशकात मेथोट्रेक्सेट हे ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे मुख्य औषध झाले. ते आठवड्यातून एकदा घ्यायचे असते, स्वस्त असते आणि अनेक सांधे वाचवते. मात्र यकृत आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवण्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. अलीकडची जैविक इंजेक्शने सहसा २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात. भारतीय कंपनीने बनवलेले ॲडॅलिमुमॅब हे असेच एक इंजेक्शन डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आल्यावर ही औषधे थोडी आवाक्यात आली. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना असे इंजेक्शन प्रवासात न्यायचे तर बर्फाच्या पाकिटांची पेटी लागते, आणि औषध गोठू नये म्हणून बर्फ व इंजेक्शन यांच्यामध्ये कापड ठेवावे लागते.

उन्हाचा दुसरा धोका वेदनाशामक गोळ्यांतून येतो. शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. बसस्थानकातील अस्वच्छ स्वच्छतागृहे टाळण्यासाठी मुली आणि स्त्रिया प्रवासात पाणी पीत नाहीत. गुडघे वाकत नसतील तर भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसणेही अशक्य होते. त्यामुळे सांधेरुग्ण तरुणीचे पाणी न पिणे आणि गोळी घेणे एकाच दिवशी घडते.

२००६ च्या चिकुनगुनियाने सांध्यांच्या दुखण्याची ओळख घराघरांत करून दिली. चिकुनगुनिया भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात नोंदला गेला होता आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. तीन दशकांच्या खंडानंतर तो परतला आणि विदर्भातही पसरला. ताप काही दिवसांत गेला, पण अनेकांचे घोटे, मनगटे आणि बोटे महिनोन्‌महिने सुजलेली राहिली. धडधाकट शेतमजूर आणि कॉलेजची मुले बसच्या पायरीवर अडखळू लागली, तेव्हा सांधेदुखी केवळ म्हाताऱ्यांची नसते हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले.

आडवे होऊन केलेला प्रवास

सांध्यांच्या आजारासह केलेल्या प्रवासाचे सर्वांत ठळक उदाहरण याच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाचे आहे. मुरलीधर देवीदास उर्फ बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. वरोऱ्याजवळ त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारले. मणक्यांच्या झिजेच्या तीव्र आजाराने त्यांना बसणे अशक्य झाले. ते उभे राहू शकत किंवा आडवे होऊ शकत. डिसेंबर १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने ‘भारत जोडो’ यात्रा सुरू केली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत केलेल्या पलंगावर आडवे. ही यात्रा पाच हजारांहून अधिक किलोमीटरची होती. १९८८ मध्ये त्यांनी ईटानगर ते ओखा अशी दुसरी, सात हजारांहून अधिक किलोमीटरची यात्रा काढली. दोन्ही वेळा वाहन रुग्णाच्या शरीराप्रमाणे बदलले गेले आणि मुक्काम त्याच्या ताकदीप्रमाणे ठरले. पूर्वी बंडीत वाकळ अंथरून रुग्णाला निजवत त्यामागे हीच समज होती. सार्वजनिक वाहनाला ती कधी परवडली नाही.

कायदा आणि सवलती

अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा १९९५ मध्ये झाला आणि फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. वाहने, स्थानके आणि इमारती अपंगांना वापरता येतील अशा करण्याचे कलम त्यात होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. सिकलसेल, थॅलेसीमिया आणि हिमोफिलिया यांची नावे त्यात आली. संधिवाताचे नाव आले नाही. संधिवाताच्या रुग्णाची तपासणी चलनवलनाच्या अपंगत्वाखाली होते: सांधा किती वाकतो, स्नायूंत किती ताकद आहे, उभे राहताना तोल किती राहतो, यांवरून टक्के काढले जातात. ४० टक्के भरले की बहुतेक सवलती लागू होतात.

एसटीत ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असणाऱ्याला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. सिकलसेल, हिमोफिलिया, एचआयव्ही आणि डायलिसिसच्या रुग्णांना मोफत प्रवास मिळतो. २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे. रेल्वेत ज्याला सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही अशा अस्थिव्यंगांना सवलत आहे, आणि काही ठरावीक आजारांच्या रुग्णांनाही. त्या आजारांत कर्करोग, क्षय, सिकलसेल आहेत, संधिवात नाही. परिणामी संधिवात असलेल्या तरुणीला एसटीत मिळणारी सवलत ती स्त्री म्हणून मिळते. त्याच आजाराच्या, प्रमाणपत्र नसलेल्या तरुणाला पूर्ण भाडे पडते.

अडचणीचे मूळ आजाराच्या स्वभावात आहे. संधिवात चढतो आणि उतरतो. तपासणीच्या दिवशी औषधाने सूज उतरलेली असली तर सांधा बराच वाकतो आणि टक्के कमी भरतात; पुढच्याच आठवड्यात तोच तरुण बसच्या पायरीवर पाय ठेवू शकत नाही. कायमचे, मोजता येणारे आणि दिसणारे अपंगत्व समोर ठेवून आखलेली ही पद्धत अशा आजाराला नीट पकडत नाही.

आजची स्थिती

नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गाच्या वर्धा-कळंब टप्प्यावर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी गाडी सुरू झाली. वेळ वाचला आणि हादरे कमी झाले. मात्र सरळ, न थांबता धावणाऱ्या गाडीत शरीर आखडते. त्यामुळे डॉक्टरांचा सल्ला जुन्या धुरकऱ्याच्या सवयीशी जुळतो: तासाभराने थांबावे, उतरून चार पावले चालावे, मान-खांदे-घोटे फिरवावेत. सकाळचा ताठरपणा ओसरल्यावर निघावे, ओझे खांद्यावर न टांगता चाकाच्या बॅगेत न्यावे, औषधे आणि कागदपत्रे हाताशी ठेवावीत, पाणी पीत राहावे. फलाट उंच होणे, उद्‌वाहक आणि उतरंडी बसणे ही कामे मोठ्या स्थानकांपासून सुरू झाली. साध्या एसटीच्या दाराची पायरी अजून तशीच आहे.

जिल्ह्यातील तरुण सांधेरुग्णाच्या प्रवासाचा प्रश्न आता रस्त्यांचा राहिलेला नाही. तो पायरीचा आणि प्रमाणपत्राचा आहे. पहिला सोडवणे एसटी आणि रेल्वेच्या हाती आहे. दुसऱ्यासाठी रुग्णाला स्वतः एक गोष्ट करता येते. तपासणीला जाताना सूज चढलेल्या दिवसांतील डॉक्टरांच्या नोंदी, एक्स-रे आणि रक्ताचे अहवाल सोबत न्यावेत. आजार कमी-जास्त होण्याजोगा असेल तर ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद नियमांत आहे, आणि ते मागण्याचा हक्क वीस वर्षांच्या रुग्णालाही तितकाच आहे.